भुंगेऱ्यांच्या मागावर फ्रान्सभर

पॅरिसच्या पेर लाशेझ कब्रस्तानात शिरणाऱ्यांच्या हातात नकाशा असतो आणि त्यावर ठरलेल्या नावांवर खुणा केलेल्या असतात: शोपाँ, ऑस्कर वाइल्ड, जिम मॉरिसन. मला जायचं होतं एकोणचाळिसाव्या विभागात. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. पॅरिसमध्ये नोकरी करणारा माझा मामेभाऊ बरोबर होता. "ताई, लोक इथे शोपाँला भेटायला येतात आणि तू किड्याला?" तो म्हणाला. त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. पिएर आंद्रे लात्रेय या कीटकशास्त्रज्ञाच्या थडग्यावर दगडी स्तंभ आहे. त्यावर कोरलेल्या मजकुरात 'नेक्रोबिया रुफिकोलिस' या भुंगेऱ्याचं नाव आहे आणि हाच लात्रेयचा तारणहार, असं लॅटिनमध्ये म्हटलं आहे.

लात्रेय मूळचा धर्मगुरू. फ्रेंच राज्यक्रांतीत नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ न घेतलेल्या पाद्र्यांची धरपकड झाली, तेव्हा त्याचीही रवानगी बोर्दोच्या तुरुंगात झाली. एके दिवशी कैद्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरला दिसलं, की हा माणूस जमिनीवरचा एक किडा निरखत बसला आहे. लात्रेयनं त्याला सांगितलं, की हा भुंगेरा दुर्मीळ आहे. डॉक्टरनं तो ओळखीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाकडे पोचवला. किड्यांचं वेड असलेला हा मुलगा म्हणजे पुढे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नाव काढणारा बोरी द साँ-व्हेंसाँ. त्याला लात्रेयचं काम माहीत होतं. त्यानं घरच्यांकरवी खटपट केली आणि लात्रेय सुटला. त्याच्याबरोबरचे कैदी महिन्याभरात मारले गेले, असं सांगतात.

हा तारणहार जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. छाती आणि पंखांची मुळं तांबूस, बाकीचे पंख निळे, धातूसारखे चकाकणारे. वाळलेलं मांस, हाडं, मेलेली जनावरं हे त्याचं खाद्य, म्हणजे तुरुंगात तो सापडावा यात नवल काहीच नाही. कोकणातल्या माणसाला त्याचं चुलत घराणं ठाऊक असेल. नेक्रोबिया रुफिपेस हा त्याचा तांबड्या पायांचा भाऊबंद साठवणीच्या खोबऱ्यात आणि सुक्या मासळीत पडतो. एकाच घराण्यातला एक जण आपल्याकडे निवडून फेकून दिला जातो आणि दुसऱ्याचं नाव पॅरिसमध्ये दगडात कोरलं जातं.

लात्रेय सुटला तो किड्यांचाच होऊन. 1796 मध्ये त्यानं कीटकांच्या वर्गीकरणाचं छोटं पुस्तक काढलं, पुढे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नोकरीला लागला. 1829 मध्ये लामार्क वारला. त्यानंतर लामार्कच्या अध्यापनपदाचे दोन भाग झाले आणि त्यातलं कीटकांकडचं पद लात्रेयला मिळालं. तोवर त्यानं साठी ओलांडली होती. 1832 मध्ये फ्रान्सची कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा मानद अध्यक्ष म्हणून त्याचीच निवड झाली. पुढच्याच वर्षी तो गेला.

कब्रस्तानातून आम्ही सीन नदी ओलांडून जार्दां दे प्लांतमध्ये आलो. हे पॅरिसचं जुनं वनस्पतीउद्यान, आणि निसर्गेतिहास संग्रहालयाचं आवारही. 'उत्क्रांतीची भव्य दालनं' इथेच आहेत. इमारत 1889 ची, मधली कित्येक वर्षं बंद असलेली, 1994 मध्ये नव्यानं उघडलेली. हत्ती-जिराफांची मिरवणूक पाहायला गर्दी लोटते. किड्यांचा खरा खजिना मात्र शेजारच्या ऱ्यू ब्युफाँवर, 45 क्रमांकाच्या इमारतीत आहे. सुमारे चार कोटी नमुने, आणि त्यांत भुंगेऱ्यांचा वाटा मोठा. ही इमारत पर्यटकांसाठी नाही, तिथे अभ्यासक काम करतात. आपल्यासारख्यांनी दालनांतल्या पेट्यांवर समाधान मानायचं.

पण एका पेटीसमोर अर्धा तास उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. प्रत्येक भुंगेऱ्याची टाचणी उजव्या पंखातून खाली गेलेली असते, मधोमध टोचत नाहीत. मधोमध टोचली तर दोन कठीण पंखांमधली फट फाकते आणि पोटाकडच्या खुणा बिघडतात. अगदी बारीक भुंगेरे पुठ्ठ्याच्या टिकलीवर डिंकानं चिकटवलेले. टाचणीला खाली एकाखाली एक चिठ्ठ्या: कुठे सापडला, कधी, कुणाला, कुणी ओळखला. ज्या नमुन्यावरून त्या जातीचं नाव पहिल्यांदा ठरलं, त्याची चिठ्ठी सहसा लाल. चिठ्ठी हरवली, की किड्याला शोभेपलीकडे किंमत उरत नाही.

जगात आजवर नावं मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे चार लाख, म्हणजे नाव असलेल्या प्राण्यांत साधारण दर चौथा भुंगेरा. एवढ्या पसाऱ्याला वळण लावायची एक युक्ती पॅरिसच्याच एका डॉक्टरनं काढली. एतिएन लुई जोफ्र्वानं 1762 मध्ये पॅरिसच्या परिसरातल्या कीटकांवर ग्रंथ लिहिला आणि भुंगेऱ्यांची विभागणी पावलांच्या पेरांवरून केली. जमिनीवर धावणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरं. अंधारात राहणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांना पुढच्या चार पावलांना पाच आणि मागच्या दोहोंना चार. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची चारच दिसतात, कारण एक पेर इतकं बारीक असतं की ते दुसऱ्यात लपून जातं. पुढे ही पद्धत अपुरी ठरली, वर्गीकरण पुष्कळ बदललं, तरी भुंगेरा ओळखायला बसणारा माणूस आजही भिंग घेऊन आधी पावलाची पेरं मोजतो.

याच दालनांच्या इमारतीत एका पाहुण्याचे अवशेष आहेत, आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे. व्हिक्तोर झाकमाँ. संग्रहालयानं त्याला हिंदुस्थानात पाठवलं होतं. कलकत्त्यापासून काश्मीरपर्यंत हिंडून, झाडं, खडक, प्राणी गोळा करत तो दख्खनेत उतरला, पुण्यात राहिला आणि 7 डिसेंबर 1832 रोजी मुंबईत वारला. वय अवघं 31. त्याच्या प्रवासाचे ग्रंथ मागाहून निघाले, त्यातला कीटकांचा भाग एमिल ब्लांशार यानं लिहिला. 1881 मध्ये त्याचे अवशेष मुंबईहून पॅरिसला नेले. किडे आणि दगड पेट्यांतून आधी पोचले, माणूस पन्नास वर्षांनी.

या संग्रहातल्या पेट्यांना माणसांसारख्याच वंशावळी आहेत. एकीची सुरुवात नेपोलियनच्या सैन्यात होते. काउंट दजाँ हा घोडदळाचा सेनापती, वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा साहाय्यक, आणि भुंगेऱ्यांच्या पायी वेडा झालेला माणूस. स्पेनच्या मोहिमेत, अल्कान्यीसच्या लढाईत हल्ल्याचा हुकूम देण्याआधी त्याला फुलावर एक दुर्मीळ भुंगेरा दिसला. तो घोड्यावरून उतरला, किडा पकडला, शिरस्त्राणात आतून लावलेल्या बुचाच्या तुकड्यावर टोचला, मग हल्ला केला. लढाईत शिरस्त्राण फुटलं, किडा शाबूत राहिला, अशी गोष्ट आहे. त्याच्या शिपायांनाही किडे पकडायची तालीम होती म्हणतात. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडून द्या, संग्रह मात्र खरा. 1837 च्या त्याच्या सूचीत 22,399 जातींची नोंद आहे.

पुढे हा संग्रह विकला गेला, त्याचे भाग पडले. त्यातले शिकारी भुंगेरे शोद्वार या रशियन जहागीरदाराकडे गेले. त्याच्याकडून ते आले रेन शहरातल्या ओबेर्तुर घराण्याकडे. हे छापखानेवाले. फ्रान्समध्ये पोस्टमन घरोघर जे कॅलेंडर देतो, ते त्यांच्या छापखान्यात निघे. थोरला शार्ल फुलपाखरांमागे, धाकटा रने भुंगेऱ्यांमागे. छपाईतून आलेला पैसा किड्यांत जाई. रनेचा प्रचंड संग्रह 1952 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात आला. सरदार, जहागीरदार, छापखानदार असा प्रवास करून दजाँचे भुंगेरे एकदाचे मुक्कामाला पोचले.

पॅरिस सोडण्याआधी ऱ्यू द्यु बाकवर 46 क्रमांकाच्या देरोल या दुकानात जरूर डोकवावं. 1831 मध्ये सुरू झालेलं हे दुकान भरलेले प्राणी, किड्यांचे खण आणि शाळेच्या भिंतीवर लावायचे तक्ते यांसाठी प्रसिद्ध. फ्रान्समधल्या कित्येक पिढ्या देरोलच्या तक्त्यांवर निसर्ग शिकल्या. 2008 मध्ये इथे आग लागली आणि बहुतेक माल खाक झाला. चाहत्यांच्या मदतीनं दुकान पुन्हा उभं राहिलं. वरच्या मजल्यावर खण ओढून पाहता येतात, किमतीही पाहता येतात. किमती पाहिल्यावर खण आपोआप हलक्या हातानं बंद होतो.

जार्दां दे प्लांतला लागूनच ऑस्टरलिट्झ स्टेशन आहे, आणि लात्रेयच्या गावाची गाडी तिथूनच सुटते. ऑर्लेआँ, लिमोज करत ती चार-साडेचार तासांत ब्रीव्ह-ला-गैयार्दला पोचते. पिवळसर वालुकाश्माचं, बाजारहाटाचं गाव. लात्रेय इथे 1762 मध्ये जन्मला, म्हणजे जोफ्र्वाचा ग्रंथ निघाला त्याच साली. मूल अनौरस, बाप बडा लष्करी अधिकारी, पण बापानं कधी नाव लावू दिलं नाही. गावातल्या भल्या माणसांनी त्याला वाढवलं, शिकवलं. तुरुंगाआधीची त्याची भटकंती याच परिसरातली. आम्ही बाजारात चीज आणि अक्रोड घेतले आणि भाड्याच्या गाडीनं दक्षिणेला लागलो.

रोदेझच्या पुढे लेव्हेझूचं पठार लागतं. वारा, गवत आणि मेंढ्या. रोकफोर चीजसाठी लागणारं दूध या टापूतल्या मेंढ्यांचं. याच पठारावर साँ-लेओं हे खेडं आहे. जिवंत किड्यांचं वागणं टिपणारा निरीक्षक झाँ-आंरी फाब्र इथे 21 डिसेंबर 1823 रोजी जन्मला. घरची गरिबी. त्याचं जन्मघर जपलं आहे, आणि गावाजवळ 2000 साली 'मिक्रोपोलिस' नावाचं कीटकांचं मोठं प्रदर्शन उभं राहिलं. शाळांच्या सहली येतात. मुंग्यांची वारुळं, मधमाश्यांची पोळी काचेआडून जिवंत पाहता येतात.

मला मात्र त्याहून चांगलं काही पुढे दिसलं. मियोच्या आसपास तार्न नदीच्या काठानं चालताना गवताच्या पात्यांवर निळे ठिपके लखलखत होते. होप्लिया सेरुलिया, सेंटीमीटरभर लांबीचा भुंगेरा. पाते मागच्या पायांनी धरून तो उन्हात बसून राहतो. एवढं निळं अंग घेऊन उघड्यावर बसणारे सगळे नर. मादी मळकट तपकिरी, ती क्वचितच दिसते. हा निळा रंग लावलेला रंग नाही. अंगावरच्या बारीक खवल्यांत कायटिन आणि हवा यांचे अतिपातळ थर आलटून पालटून असतात, त्यांच्यावरून परतताना प्रकाशातला निळाच तेवढा ठळक होतो. मामेभावानं बाटलीतलं थेंबभर पाणी त्याच्या पाठीवर सोडलं. थोड्या वेळानं भिजलेला भाग हिरवा दिसू लागला. खवल्यांत हवेच्या जागी पाणी शिरलं, की परतणारा रंग बदलतो. वाळला, की पुन्हा निळा. टाचणीवरचा होप्लिया मी पॅरिसला पाहिला होता, तिथेही तो निळाच होता, पण हे तिथे कळलं नसतं.

मियोचा प्रसिद्ध उंच पूल मागे टाकून आम्ही घाटातून सपाटीवर उतरलो आणि माँपेलिए, नीम करत रोन नदीकाठच्या आव्हिन्याँला आलो. फाब्र इथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. पगार तुटपुंजा, पोरं बरीच, आणि सुट्टीच्या दिवशी नदीपलीकडच्या लेझांग्लच्या माळावर पालथं पडून किडे बघायचे. प्रौढांसाठी तो मोफत व्याख्यानं देई. तरुण मुलींसमोर फुलांच्या फलनाबद्दल बोलला म्हणून गावातल्या कर्मठांनी गिल्ला केला, नोकरी सुटली, राहतं घरही सोडावं लागलं. त्या अडचणीत तीन हजार फ्रँक उसने दिले ते जॉन स्टुअर्ट मिल यानं. हा इंग्रज तत्त्वज्ञ तेव्हा आव्हिन्याँत राहत होता आणि फाब्रबरोबर झाडं गोळा करत हिंडायचा.

लेझांग्लच्या माळावर फाब्रला भेटला तो शेणकिडा, इजिप्तच्या लोकांनी पूज्य मानलेला. डोक्याच्या पुढच्या कडेला सहा दाते, त्यांनी तो शेण उकरतो. पुढचे पाय रुंद आणि दातेरी, थापायला आणि कापायला. आणि गंमत अशी, की या पुढच्या पायांना पाऊलच नाही. जोफ्र्वाच्या हिशेबात इथे मोजायला एकही पेर नाही. गोळा झाला, की किडा डोकं खाली, मागचे पाय वर अशा उलट्या चालीनं तो ढकलत नेतो.

गोळा अडला, की शेणकिडा जाऊन सोबत्यांना मदतीला आणतो, असं पूर्वी पुस्तकांतून लिहीत. फाब्रनं ते ताडून पाहिलं. लांब टाचणी गोळ्यातून आरपार जमिनीत ठोकली आणि बघत बसला. किड्यानं सगळे उपाय केले, मदत कुणाला मागितली नाही. आणि वाटेत जो दुसरा किडा हातभार लावायला येतो, तो सहसा चोर असतो. मालक बीळ खणण्यात गुंतला, की हा गोळा घेऊन पसार होतो. बिळात गेल्यावरचा हिशेबही फाब्रनं ठेवला. एक किडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड जेवत होता, आणि जेवता जेवता मागून जो बारीक धागा निघत होता तो मोजल्यावर जवळजवळ तीन मीटर भरला.

मात्र अंडं कुठे असतं, हे कोडं सुटेना. लोटत नेलेल्या गोळ्यांत ते सापडत नव्हतं. हे गोळे नुसती शिदोरी होती. अंड्यासाठी मादी जमिनीखाली वेगळी वस्तू घडवते, हे कळायला कित्येक वर्षं गेली, आणि ती वस्तू आणून दिली एका धनगराच्या पोरानं. नाशपातीच्या आकाराची, गुळगुळीत. खालचा गोल भाग म्हणजे अळीचं अन्न. गोल असल्यानं पृष्ठभाग कमी, म्हणून आतला ओलावा उन्हाळ्यातही टिकतो. अंडं असतं वरच्या निमुळत्या मानेत, जिथे हवा पोचते.

ही गोष्ट घडली सेरिन्याँमध्ये. आव्हिन्याँहून ओरांजपर्यंत गाडीनं जावं, तिथून सेरिन्याँ-द्यु-कोंता आठ-एक किलोमीटर. 1879 मध्ये फाब्रनं गावाच्या कडेला घर आणि हेक्टरभर खडकाळ पडीक जमीन घेतली. या भागात अशा जमिनीला हार्मास म्हणतात, तेच त्याच्या घराचं नाव झालं. नांगर न लागलेल्या या जागेत काटे वाढत आणि काट्यांवर किडे येत. त्याला तेवढंच हवं होतं. वयाच्या 91 व्या वर्षी, 1915 मध्ये, तो इथेच गेला. 1922 मध्ये सरकारनं ही जागा घेतली, आता ती पॅरिसच्या संग्रहालयाकडे आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहाव्यात, हिवाळ्यात भेट मिळेलच असं नाही. मे-जून उत्तम.

वरच्या मजल्यावर त्याची कामाची खोली. भिंतीभर काचेची कपाटं, त्यांत शंख, दगड, किडे. मध्ये लिहिण्याचं टेबल, इतकं लहान की शाळकरी पोराचं वाटावं. कीटकांवरच्या आठवणींचे दहा खंड 1879 ते 1907 या काळात निघाले. त्याच काळात त्यानं अळिंब्यांची शेकडो जलरंगचित्रंही काढली, तीही घरात आहेत.

फाब्रची पद्धत नीट कळते ती गांधीलमाशीच्या एका प्रयोगात. सेर्सेरिस जातीची माशी भुंगेरे पकडून बिळात साठवते आणि ते कित्येक दिवस ताजे राहतात. लेओं द्युफूर या ज्येष्ठ अभ्यासकाला वाटलं, की माशी मेलेल्या भुंगेऱ्याला टिकवणारं काही टोचत असावी. फाब्रनं दाखवलं, की भुंगेरे मेलेलेच नसतात, फक्त लुळे पडलेले असतात. छातीतल्या मज्जागाठी ज्या भुंगेऱ्यांत एकमेकींला चिकटून असतात, त्यांनाच ही माशी निवडते. तिथे एकच डंख पुरतो. सुईच्या टोकावर अमोनियाचा थेंब घेऊन त्यानं स्वतः तसंच करून पाहिलं आणि भुंगेरा लुळा पडला. डार्विननं त्याच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी केली. फाब्रनं उत्क्रांतिवाद शेवटपर्यंत मानला नाही. पॅरिसच्या पेटीवाल्यांचीही तो टिंगल करी: तुम्ही मेलेले किडे कापता, मी जिवंत बघतो.

फाब्रचा हा टोमणा मला हार्मासच्या बागेत हिंडताना पुरेसा खरा वाटेना. लेव्हेझूवरच्या मेंढ्यांना आणि गायीगुरांना जंतांवर आयव्हरमेक्टिन गटातली औषधं देतात. औषधाचा बराच अंश शेणात उतरतो आणि त्यात वाढणाऱ्या अळ्या मरतात. शेण माळावर तसंच पडून राहतं. कुठल्या जाती घटल्या हे ठरवायचं, तर शंभर वर्षांपूर्वी कुठे काय होतं ते कळलं पाहिजे, आणि ते फक्त टाचण्यांखालच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं आहे. त्या जाती का घटल्या हे कळायला पुन्हा माळावर शेणाशेजारीच बसावं लागतं.

माँपेलिएजवळ दोन्ही कामं एकत्र येतात. तिथे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या सुक्या लेंड्यांची सवय, गोऱ्यांनी नेलेल्या गायींचं ओलं शेण त्यांना उरकत नव्हतं. शेणाचे थर साचले, माश्या माजल्या. म्हणून 1960 च्या दशकापासून आफ्रिका आणि युरोपमधले शेणकिडे तिकडे नेले जाऊ लागले. अगदी अलीकडे वसंतात काम करणाऱ्या दोन जाती दक्षिण फ्रान्समधूनच गेल्या. रोग बरोबर जाऊ नयेत म्हणून त्यांची अंडी काढून वरून निर्जंतुक केली गेली आणि शास्त्रज्ञांनी हातानं वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक ठेवली गेली. अंड्याला हवा, ओलावा आणि अन्न कसं मिळतं हे कुणीतरी माळावर बसून पाहिलं होतं, आणि नेमकी कोणती जात न्यायची हे पेट्यांतल्या नमुन्यांवरून ठरलं होतं. पाद्री, सेनापती, छापखानदार आणि नोकरी गेलेला मास्तर, यांच्यापैकी कुणी ऑस्ट्रेलियातल्या गायींचा विचार केला नव्हता. त्यांना भुंगेरे आवडत होते, आणि त्यांनी नोंदी नीट ठेवल्या होत्या.